थोरल्यांच्या राईची यादी

७ जानेवारी २०२५, मंगळवार. सकाळी ९ वाजून २० मिनिटे.

कीबोर्डच्या फटीतली धूळ जुन्या टूथब्रशने काढत होतो, तेवढ्यात हंबीरराव सुभेदारांचा फोन आला. सुभेदार आमच्या धनगरवाड्याच्या खालच्या गावचे. फौजेतून येऊन अकरा वर्षे झाली, पण फोनवर अजून हुकूम दिल्यासारखे बोलतात. म्हणाले, "ज्ञानू, ग्रामपंचायतीत नोटीस लागलीया. बोरीचा सडा संरक्षण खातं घेणार. रडार बसणार, रस्ता होणार. तुमची राई बी त्यातच हाय. २० तारखेच्या आत हरकत दे."

नोटिशीचा फोटो पाठवला आहे. गट क्रमांक ११२, म्हणजे सड्याचे सगळे कातळी पठार, क्षेत्र २१ हेक्टर. जमिनीचा प्रकार: पडीक व झुडपी. तिथे आमच्या राईतल्या हिरड्याचे खोड मला आणि मोठ्या भावाला, बिरूला, दोघांना हात धरून कवेत येत नसे. ते झुडूप.

श्रीपालकाकांना फोटो दाखवला. काका कचेरीसमोर तीस वर्षे अर्ज लिहितात. मी त्यांच्याकडे टायपिंग करतो. अकरावीत शाळा सुटली तरी ऱ्हस्व-दीर्घ चुकवत नाही म्हणून त्यांनी मला ठेवले. काका म्हणाले, "नुसतं 'आमची श्रद्धा आहे' असं लिहिलंस की फाईल तळाला गेली म्हणून समज. यादी दे. किती, कुठं, केवढं. आणि आजपासून सगळं तारीखवार लिहून ठेव. पुढं साक्ष द्यायची वेळ आली तर डोक्यातलं कुणी धरत न्हाय."

म्हणून ही वही. पंचेचाळीस रुपये.

११ जानेवारी, शनिवार. वाड्यावर.

रंकाळा स्टँडवरून सकाळची एसटी, मग फाट्यापासून दीड तास चढ. वाड्यावर आता चौदाच घरे उरली आहेत. सगळी माणसे बायडाआज्जीच्या अंगणात बसली होती. मी नोटीस मोठ्याने वाचली आणि म्हणालो की उद्या राईतले धोंडे मोजून यादी करणार आहे.

आमच्यात कोणी गेले की त्याच्या नावाचा एक धोंडा राईत बसवतात. तो ओढ्यातून निवडायचा. घरातल्या दोघांनी पाळीपाळीने डोक्यावरून वर आणायचा, एकाने ओढ्यापासून जांभळीपर्यंत, दुसऱ्याने जांभळीपासून राईपर्यंत. वाटेत जमिनीला टेकवायचा नाही. बसवला की त्याला नाव घेऊन हाक मारायची नाही. सगळे मिळून थोरले. राईतली वाळकी काटकीसुद्धा कोणी घरी नेत नाही. हे सगळे मी लहानपणापासून बघितले आहे, पण धोंडे किती आहेत हे विचारायचे मला कधी सुचले नव्हते.

बायडाआज्जी भडकली. "मेंढरं कवा मोजत्यात रं? इकायची असली की मोजत्यात. धनगर आपला कळप तोंड बघून वळखतो. थोरल्यांस्नी कुटं इकायला काढलंस?"

मी म्हणालो, "आज्जी, विकायला नाही, वाचवायला. सरकारच्या कागदावर तिथं काहीच नाही. जे यादीत नाही ते साहेबाला दिसत नाही."

"मग तुज्या सायबाचं डोळं तपासा की."

सगळे हसले. मग गुंडूतात्याने सुभेदारांकडे बघितले. सुभेदार टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते. म्हणाले, "मी वीस वर्सं त्याच खात्याचं मीठ खाल्लं. रडार व्हायला पायजे का? व्हायला पायजे. पर सडा केवढा पडलाय, राईवरच कशाला? पोरगा म्हणतोय ते खरं हाय. कागदाला कागदच लागतो." त्यावर ठरले. घरटी पन्नास रुपये वर्गणी.

आई सगळ्यांच्या मागे दाराशी उभी होती. सगळे उठून गेल्यावर मला जेवायला वाढताना तिने विचारले, "यादीत नसल्यालं कुटं जात्यात?"

मी सांगितले, "कुठेच नाही. त्यांची नोंदच होत नाही."

तिने भाकरी तव्यावर ठेवली ती करपेपर्यंत उलटली नाही.

१२ जानेवारी, रविवार. वाड्यावर.

सकाळी सात वाजता राईत गेलो. चपला बाहेर काढल्या. गडमुडशिंगीत मी राहतो तिथे खाली शिंप्याचे दुकान आहे, त्याची टेप मागून आणली होती. सोबत कोणी आले नाही.

राईत पाऊल टाकले की सड्यावरचा वारा मागे राहतो. पानांचा आवाज वर कुठेतरी होतो आणि खाली अगदी शांत असते. मला लहानपणी तिथे भीती वाटत नसे, कारण बिरू पुढे असायचा. आज मी प्रत्येक धोंड्याजवळ उकिडवा बसून उंची, रुंदी आणि तोंडाची दिशा लिहून घेतली. चूक होऊ नये म्हणून आकडा मोठ्याने म्हणत होतो. तेराव्यापाशी माझाच आवाज मला कोणीतरी मागून म्हटल्यासारखा वाटला. नंतर पुटपुटत मोजले.

एकूण ४३. वडिलांचा धोंडा क्रमांक ३१ वर आला. उंची १ फूट ४ इंच, रुंदी ११ इंच, तोंड पूर्वेला. तो मी आणि बिरूने आणला होता. जांभळीपर्यंत मी, पुढे बिरू. तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो आणि जांभळीपाशी माझी मान लटपटत होती. बिरूने धोंडा माझ्या डोक्यावरून अलगद उचलून घेतला आणि म्हणाला, "सर बाजूला, न्हाईतर बाबा पडंल."

खात्री करण्यासाठी उलट्या बाजूने पुन्हा मोजले. ४३ च आले. तरी बाहेर पडताना असे वाटत राहिले की एक मोजायचा राहिला आहे. चप्पल घालून पुन्हा काढली, आत जाऊन तिसऱ्यांदा मोजले. ४३.

आज बिरूच्या नंबरचा रिचार्ज केला. १९९ रुपये, २८ दिवस. पुढचा ९ फेब्रुवारीला. नेहमीप्रमाणे फोन लावून बघितला. बंद. २३ जुलै २०२१ ला कागल पंचतारांकित एमआयडीसीतून घरी निघाला तेव्हा महापूर होता. वाटेतून त्याने मला फोन केला होता, "पाणी उतरलं की येतो." त्या दिवशी जे बेपत्ता झाले त्यातले पुढे सापडलेलेही आहेत. नंबर बंद पडू दिला तर तो फोन कुठे करणार?

१६ जानेवारी, गुरुवार.

अर्ज दिला. पोच मिळाली, शिक्का स्वच्छ उमटला आहे. सोबत यादी सात पाने, फोटो त्रेचाळीस, हातनकाशा एक. नकाशात प्रत्येक धोंड्याचे जवळच्या झाडापासूनचे अंतर दिले आहे.

श्रीपालकाकांनी चष्मा कपाळावर चढवून सगळी पाने वाचली. त्यांनी कोणाच्या कामाला चांगले म्हटलेले मी आजवर ऐकले नव्हते. म्हणाले, "हे वाचून आंधळासुद्धा धोंडा हुडकंल." मला दिवसभर भूक लागली नाही, इतका आनंद झाला.

२६ जानेवारी, रविवार.

सकाळी कोपऱ्यावरच्या शाळेत झेंडावंदन बघायला उभा राहिलो. मुले रांगेत होती. मी मोजू लागलो. मला मोजायचे नव्हते. एका रांगेत अठरा, दुसऱ्या रांगेत अठरा. शेवटी मन म्हणाले, एक राहिला. पुन्हा मोजले.

राईत मोजले त्या दिवसापासून हे चालू आहे. एसटीतली डोकी, खानावळीतली ताटे, कचेरीच्या पायऱ्या. आकडा बरोबर येतो आणि तरी एक कमी आहे असे वाटते. श्रीपालकाकांना सांगितले नाही. ते म्हणतील, लग्न कर.

काल दुपारी टाईप करताना एका बाईच्या वारसा नोंदीच्या अर्जात नावापुढे मी 'तोंड पूर्वेला' असे टाईप केले. छापायच्या आधी दिसले म्हणून बरे.

५ फेब्रुवारी, बुधवार.

उत्तर आले. चार ओळी इथे उतरवून ठेवतो.

'अर्जदाराने सादर केलेली यादी परिपूर्ण व ग्राह्य आहे. सदर ४३ शिळा परिशिष्ट अ प्रमाणे फाट्यालगतच्या गायरानात सन्मानपूर्वक स्थलांतरित करण्यात येतील. त्यावर पत्र्याची शेड बांधून देण्यात येईल. १,१८६ झाडांच्या बदल्यात अन्यत्र वृक्षारोपण करण्यात येईल.'

परिशिष्ट अ म्हणजे माझी यादी. एक शब्द बदललेला नाही. मी मध्ये एक स्वल्पविराम जास्त दिला होता, तोसुद्धा तसाच आहे.

काकांनी पत्र दोनदा वाचले आणि टेबलावर पालथे ठेवले. "अर्ज चांगला झाला, हाच घोटाळा झाला बघ. राई म्हणजे काय, हे त्यांना कळत नव्हतं. तू त्रेचाळीस नग करून दिलंस. नग उचलता येतोय."

मी म्हणालो, "तुम्हीच यादी द्या म्हणाला होता."

"व्हय. मीच म्हणालतो." असे म्हणून ते चहा आणायला स्वतः उठून गेले. ते कधी जात नाहीत.

८ फेब्रुवारी, शनिवार. वाड्यावर.

सड्यावर चढलो तर झाडांवर लाल रंगाने आकडे. जांभळीवर ४. ऐनावर ७०७. हिरड्यावर ९१२, आकड्याच्या खालून रंगाचा ओघळ मुळापर्यंत आलेला. मोजणीची माणसे जानेवारीच्या शेवटी येऊन गेली म्हणे. एकही झाड सुटलेले नाही. माझ्यासारखेच काम केले आहे त्यांनी, नीट.

बायडाआज्जीच्या अंगणात मी पत्र वाचून दाखवले. वाचताना मान वर केली नाही. गुंडूतात्या म्हणाला, "पत्र्याची शेड? जनावरागत?"

बायडाआज्जी ओरडली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते. म्हणाली, "ज्ञानू, तू वाईट न्हाईस. तुला लिवायला येतंय, एवडंच वाईट झालं."

२० तारखेला संयुक्त पाहणी आहे. कचेरीचे साहेब आणि फौजेचे अधिकारी येऊन यादीप्रमाणे धोंडे मोजणार, पंचनामा करणार. पंच म्हणून सुभेदारांचे नाव आहे. अर्जदार म्हणून मला हजर राहायचे आहे. मार्चमध्ये धोंडे हलवणार आणि मग झाडे.

जेवताना आईने विचारले, "समद्यास्नी नेनार?"

"यादीत आहेत त्यांना."

"आनी यादीत नवीन घालता येतंय?"

"मुदत संपली, आई. आता आहेत तेवढेच."

"तुज्या बाच्या शेजारी जागा हाय का रं? पुरबच्या बाजूला. हात-सव्वा हात?"

मी यादी काढून बघितली. क्रमांक ३१ आणि ३२ मध्ये दोन फूट तीन इंच अंतर आहे. तसे सांगितले. ती म्हणाली, "पुरंल." शेड किती मोठी हवी याचा ती हिशेब करत असावी.

९ फेब्रुवारी, रविवार. वाड्यावर.

सकाळी ६:३० ला उठलो तेव्हा आई घरात नव्हती. पाण्याला गेली असेल म्हणून थांबलो नाही. राईत जाऊन थोरल्यांची माफी मागायची होती. काय म्हणायचे ते मनात नीट जुळवले होते.

माफी मागून झाली. निघताना मोजायचे नाही असे ठरवले होते. मोजले.

४४.

पुन्हा. ४४. उलट्या बाजूने. ४४. खिशातून यादी काढली आणि एकेकाला लावून बघत गेलो. ३० जुळला, ३१ वडील, आणि त्यांच्या पूर्वेला, ३२ च्या अलीकडे, एक धोंडा. ओढ्यातला, गोल पाठीचा. शेवाळ नाही, दगडफूल नाही. उंची १ फूट १ इंच, रुंदी १० इंच. तोंड पूर्वेला, म्हणजे खाली फाट्याच्या रस्त्याकडे. बुडाची माती ओली आणि त्यावर हळदीची चिमूट. दुधाचा ओघळ. मुंग्या लागल्या होत्या.

कोणी आणला असेल? मोजणीवाल्यांची खूण असेल तर हळद कशाला? वाड्यावर गेल्या दोन वर्षांत कोणी वारलेले नाही. मी एकेक घर मनात फिरून आलो. चौदा घरे. सगळे आहेत.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवायला हवी, कारण खरे तेच लिहायचे आहे. त्याच्याजवळ बसलो असताना मला महिन्याभरात पहिल्यांदा एक कमी आहे असे वाटले नाही.

घरी आलो. आई आली होती. तिची चुंबळ भिंतीवर वाळत घातलेली, चिंब ओली. कळशी मात्र कोरडी होती. तिला मान वळवता येत नव्हती. मी ओरडलो की या वयात जड वजन डोक्यावर घेऊ नकोस. मलम चोळून दिला. ती म्हणाली, "एकदाच होतं बाबा. झालं आता."

बिरूच्या नंबरचा रिचार्ज केला. १९९. आईने विचारले, "किती दीस चालतंय?" मी म्हणालो, "२८." तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. फोन लावला. बंद.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार.

श्रीपालकाकांना चव्वेचाळिसाव्याचे सांगितलेच. म्हणाले, "धोंडं पिल्लं घालत्यात व्हय रे?" मग हसता हसता थांबले. खुर्ची पुढे ओढली.

"ऐक. पाहणीत आकडा यादीशी जुळला न्हाय, तर पंचनाम्यावर सही हुत न्हाय. फाईल मागं जाते."

मला एकदम मोकळे वाटले. काका म्हणाले, "थांब. एवढं सोपं न्हाय. जादाचा कुठला, हे तुझी मापं लावून ते पाच मिनिटांत हुडकतील. मग तो एक काढून ओढ्यात टाकतील आणि बाकीचं त्रेचाळीस गाडीत घालतील. तुझी यादी पक्की हाय तोवर त्यांचं काही अडत न्हाय."

यादी पक्की आहे. मी सांगू शकतो, कुठेही अर्ध्या इंचाचा फरक नाही. माझ्या आयुष्यात एवढे एकच काम बिनचूक झाले आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार. वाड्यावर. दुपारी ३ वाजता लिहीत आहे.

जसे घडले तसे लिहितो.

सकाळी ११:१० ला गाड्या फाट्यावर आल्या. कचेरीचे साहेब, दोन माणसे, आणि फौजेचे एक तरुण कॅप्टन. सुभेदार पुढे होऊन कडक सॅल्यूट करून म्हणाले, "या पावणं, चढ हाय, दमानं." राईच्या तोंडाशी साहेब बुटांसकट आत निघाले. कॅप्टनने मात्र वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या. म्हणाला, "हमारे गाँव में भी ऐसा ही एक बन है. दादी मारती थी जूते पहनकर गए तो." मग साहेबांनीही बूट काढले. त्यांच्या मोज्याला भोक होते.

आत गेलो आणि थबकलो. सगळे धोंडे न्हाऊ घातलेले. बुडापासून माथ्यापर्यंत तेल, वर हळद, वर शेंदूर. नवा कोणता आणि जुना कोणता काही कळेना. असे मी आधी कधी पाहिले नव्हते. बायडाआज्जी हिरड्याला टेकून बसली होती, हात कोपरापर्यंत तेलकट. म्हणाली, "पावनं येनार म्हनून समद्यास्नी न्हाऊ घातलं. लांबचा परवास हाय न्हवं त्यांचा?"

साहेबांच्या माणसाने पहिल्या धोंड्यावर खडूने १ काढला. तेलावर खडू उमटेना. दाबून काढला तर खडू मोडला. वाड्यावरच्या बायका पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. दुसरा खडू मोडल्यावर त्यांच्यातून आवाज आला, "थोरल्यांस्नी आकडं सोसंनात!"

मग बोटाने मोजले. ४४. साहेबांनी मोजले. ४४. कॅप्टनने स्वतः हळूहळू फिरून मोजले. "चवालीस."

साहेबांनी परिशिष्ट उघडले. "अर्जदार कोण? तुम्ही? यादीत त्रेचाळीस लिहिलेत. एक जास्त भरतोय. कुठला तो सांगा, नाहीतर माप लावून काढू. मापे दिलीत ना प्रत्येकाची?"

मी बघितले. आई बायकांत नव्हती. ती वडिलांच्या धोंड्याच्या पूर्वेला उभी होती, पदर खोचून, दोन्ही हात थोडे पुढे. बिरू कंपनीतून सुटीला आला आणि पंगतीत बसला की वाढताना ती अशी उभी राहायची, कोणी त्याला मध्येच उठवू नये म्हणून. ती धोंड्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

शिंप्याची टेप माझ्या उजव्या खिशात होती. मी ती मुठीत धरली.

म्हणालो, "साहेब, माझी मोजायची चूक झाली."

"चूक? आणि मापे?"

"मापे अंदाजाने टाकली. माझ्याकडे टेप नव्हती."

"नकाशातली अंतरे?"

"ती पण."

"अहो, मग ह्या यादीवर विश्वास कसा ठेवायचा?"

"ठेवू नये," मी म्हणालो. माझा आवाज राईत दुसऱ्या कोणाचा तरी असल्यासारखा आला.

साहेब संतापले. शिकला किती, विचारले. मी सांगितले, अकरावी नापास. खरे म्हणजे मी नापास झालो नव्हतो, परीक्षेलाच बसलो नव्हतो. तेही आज खोटेच सांगितले. ते सुभेदारांकडे वळले, "तुम्ही तर जबाबदार माणूस. यादी बरोबर आहे की नाही?"

सुभेदारांनी ती सात पाने जानेवारीत माझ्यासमोर वाचली होती आणि 'पलटणीत असतास तर क्वार्टरमास्टर झाला असतास' असे म्हणाले होते. आता त्यांनी आईकडे बघितले, मग टोपी सरळ केली. "पोरगं अडाणी हाय सायेब. ढिसाळ कारभार. लिवा तसं पंचनाम्यात, मी सही करतो."

त्यांनी तसे लिहिले. 'यादी अविश्वसनीय. अर्जदाराने स्वतः मान्य केले.' मी खाली सही केली. अक्षर नेहमीसारखे आले नाही.

जाताना कॅप्टन थांबला. एका धोंड्यावर हात ठेवायला निघाला आणि मग ठेवला नाही. मला म्हणाला, "टेप जेब से लटक रही है, भाई." आणि बूट हातात घेऊन अनवाणी उतरू लागला.

९ मार्च, रविवार. वाड्यावर.

शुक्रवारी पत्र आले. परिशिष्ट अ रद्द. दिवाळीनंतर जाणकारांचे पथक येऊन सड्याची नव्याने पाहणी करेल. तोपर्यंत धोंडे आणि झाडे यांना हात लावायचा नाही. पत्रात पहिल्यांदा 'राई' हा शब्द आला आहे. पडीक नाही. पुढे काय होईल ते माहीत नाही. सुभेदार म्हणतात, सड्याच्या उत्तरेला उघडा कातळ आहे, रडार तिकडे सरकले तर दोघांचेही भागेल. तसा अर्ज ते स्वतःच्या नावाने देणार आहेत. मी फक्त टाईप करायचा.

कचेरीसमोर गोष्ट पसरली आहे. दोन गिऱ्हाइके म्हणाली, मोजणीचा अर्ज त्या पोराकडून नको. श्रीपालकाका त्यांना म्हणाले, "मग माझ्याकडून बी नको." आणि मला म्हणाले, "तोंड काय पाडलंस? टाईप कर."

आज राईत गेलो. तेल सुकले आहे, मुंग्या गेल्या आहेत. मी मोजले नाही. वडिलांच्या पूर्वेला थोडा वेळ बसलो. जांभळीवरून खाली ओढ्यापर्यंतची वाट मग पायाने चालून बघितली. चढ तीव्र आहे. मध्ये टेकायला जागा नाही, आणि टेकवायचा नसतो. आई साठीची आहे.

तिला काही विचारले नाही. भाकरी आज करपली नाही.

हिशेब, ७ जानेवारी ते ९ मार्च:

जमा. वर्गणी, १४ घरे, घरटी ५०: ७०० रुपये.

खर्च. एसटी, ४ फेऱ्या: ७६०. झेरॉक्स आणि फोटो: ३४०. अर्जाचे तिकीट: १०. वही: ४५. आईचा मलम: ९५. बिरूच्या नंबरचा रिचार्ज, दोन वेळा: ३९८. एकूण १,६४८. पदरचे ९४८.

आजचा रिचार्ज: केला नाही.

देणे. श्रीपालकाकांकडून उचल: ५०० रुपये. शिंप्याची टेप: परत करायची आहे.

आईला: ओढ्यापासून जांभळीपर्यंतचा भार. तो माझ्या वाट्याचा होता.